न गायची खूण

शाळेतून निवृत्त झाल्यावर कुमुद मगदूमला एकच गोष्ट करायची होती. दुपारी झोपायचं. मिरजेतल्या मुलींच्या शाळेत तिनं सगळी उमेदीची वर्षं संगीत शिकवलं होतं. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत थोरल्या बहिणीच्या मागे तंबोरा घेऊन ती गावोगावच्या बैठका करत आली होती. थोरली बहीण म्हणजे गायिका वैजयंती मगदूम. मिरज-सांगलीत आणि पार धारवाडपर्यंत तिला सगळे 'अक्का' म्हणत. कुमुदला कुणी काही म्हणत नसे. 'अक्कांच्या मागे बसतात त्या' एवढीच तिची ओळख होती, आणि त्याचं वाईट वाटायचं वयही आता निघून गेलं होतं.

पण निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत पुण्याहून मिहीर दातार आला आणि तिच्या दुपारी गेल्या.

मिहीर 'स्वरनिधी' नावाच्या न्यासात काम करायचा. मुलगा अदबीचा होता. किल्ला भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात शिरताना तो दारात वाकला, अक्काच्या पाया पडला आणि सतरंजीवर बसला. न्यासाला अक्काची सगळी ध्वनिमुद्रणं हवी होती. खाजगी बैठका, रेडिओ, शिष्यांनी मोबाइलवर चोरून केलेली, काहीही. ती सगळी एक यंत्र ऐकणार होतं आणि स्वरलिपीत उतरवणार होतं. मग त्याचे खंड छापले जाणार होते, जगभरचे विद्यार्थी त्यावरून शिकणार होते.

"गाणं कागदावरून शिकतात होय?" अक्का म्हणाली. "कागदावरून फार तर पापडखार घालायचा किती ते बघावं."

तरी तिनं हो म्हटलं. पासष्टी उलटली होती. तिच्याकडे शिकायला येणाऱ्यांतली आता एकटी तेजल आवटी उरली होती. बाकीच्या पोरी लग्न, नोकरी, परदेश अशा वाटांनी निघून गेल्या होत्या. आपल्यानंतर काय, हा प्रश्न अक्का कधी तोंडानं विचारत नसे, पण तिनं मिहीरला दुसऱ्यांदा चहा विचारला तेव्हाच कुमुदला उत्तर कळलं.

यंत्राचं नाव 'आलेखक' होतं. कुमुद त्याला 'कारकून' म्हणू लागली, कारण समोर येईल ते तो मान वर न करता लिहून काढायचा.

ध्वनिमुद्रणाची फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची रांग असते. हवा किती दाबली गेली आणि किती सैल झाली, हे एका सेकंदात हजारो वेळा मोजून ठेवलेले आकडे. त्यातून स्वर ओळखणं पियानोच्या बाबतीत पूर्वीही जमत होतं, कारण पियानोच्या पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या असतात. आपला गळा पट्टीवरून पट्टीवर उडी मारत नाही, तो वाहत जातो. जुने प्रोग्रॅम ही मींड ऐकायचे आणि तिच्या जिन्याच्या पायऱ्या करून टाकायचे. कारकून तसं करत नव्हता. तो आधी तबला, पेटी, तंबोरा आणि गळा असे चार धागे सोडवून वेगळे करायचा. तंबोऱ्यावरून त्या दिवशीचा षड्ज ठरवायचा. मग गळ्याची एकच अखंड रेघ काढायचा, आणि त्या रेघेखाली स्वरांची अक्षरं, मात्रा आणि खुणा बसवायचा.

अवघड काम त्यानंतरचं होतं. गाणाऱ्यानं काय मुद्दाम केलं आणि काय नुसतं होऊन गेलं, हे कारकुनाला ठरवावं लागे. घसा खाकरला, श्वास तुटला, माशी आली म्हणून मान हलली, हे लिहायचं नसतं. त्यासाठी त्याला एक नियम शिकवला होता: जे एकदाच घडतं तो अपघात, जे पुन्हा पुन्हा घडतं तो हेतू. बहुतेक वेळा हा नियम बरोबर चालायचा. जिथं कारकून अडायचा तिथं माणूस लागायचा, आणि ते माणूस म्हणजे कुमुद. स्वरलिपी तिला शाळेमुळे पाठ होती, आणि अक्काचं गाणं तिच्याइतकं कुणीच ऐकलेलं नव्हतं.

रोज जेवण झालं की ती पडद्यासमोर बसायची. कान ऐकायचे, डोळे रेघ बघायचे, बोट होय-नाही दाबायचं. संध्याकाळपर्यंत मान आखडून जायची.

एका दुपारी पडद्यावर नवीनच ओळ आली. 'वारंवार येणारी, नाव नसलेली हालचाल सापडली आहे. नाव द्या.'

खाली रेघ होती. अक्काचा लांबवलेला स्वर. तो सरळ जात नव्हता. पाण्यावर वारा यावा तशा त्यावर बारीक लाटा होत्या. एकसारख्या.

कुमुदनं पुण्याला फोन लावला. मिहीर आधीच बघून बसला होता.

"कुमुदताई, ही सोन्याची खाण आहे!" तो म्हणाला. "हे कुठल्याच घराण्यात नाही. कारकुनानं न्यासातली सगळी मुद्रणं धुंडाळली, कुणाच्याच नावावर हे चढत नाही. अक्कांनी उत्तरवयात स्वर झुलवायचं स्वतःचं आंदोलन शोधलंय. समीक्षकांनी लिहिलंच होतं ना, कातर, व्याकूळ लगाव वगैरे? आता ते कागदावर आलं. 'वैजयंती आंदोलन' म्हणूया. तुम्ही फक्त नाव टाका."

"टाकते," कुमुद म्हणाली.

तिनं ते नाव टाइप केलंही. तिला झोप येत होती. पण वर्षानुवर्षं वह्या तपासलेल्या बाईला, न बघता बरोबरची खूण करवत नाही. तिनं कारकुनाला सांगितलं, ही हालचाल जिथं जिथं आहे ते सगळे तुकडे एकाखाली एक दाखव.

दरबारी रागातला गंधार होता. तिथं आंदोलन असतंच, डुलणारच तो. पण त्याखाली भूपाचा षड्ज होता. भूपाच्या षड्जाला कुणी हलवत नाही. अक्का तर दुसऱ्या कुणी हलवला तर बैठकीतून उठून जायची. कुमुदनं पुढे बघितलं. विलंबितात लाटा होत्या तशाच द्रुतात होत्या. हेच तिला खटकलं. गाणारा एखादी हरकत करतो तेव्हा ती लयीबरोबर बदलते. लय वाढली की हरकत आवळते. ही आवळत नव्हती. विलंबित असो, द्रुत असो, राग कुठलाही असो, सेकंदाला साधारण पाच हेलकावे. जणू गाण्याशी तिचा संबंधच नव्हता.

आणि सगळ्यात खाली एक तुकडा होता तो गाण्याचाच नव्हता. दोन चिजांच्या मध्ये अक्का तबलजीला म्हणाली होती, "जरा चढवा हो." कारकुनाला बोलण्यातलं आणि गाण्यातलं अंतर कळलं नव्हतं. त्यानं त्या तीन शब्दांचीही रेघ काढली होती. 'हो'वर त्याच लाटा होत्या.

कुमुदनं टाइप केलेलं नाव पुसलं.

मिरजेत एका गल्लीत तंबोरे मिळतात आणि पुढच्या गल्लीत दवाखाने. डॉक्टर यास्मिन मुजावर मेंदूच्या विकारांच्या डॉक्टर होत्या. लहानपणी त्या कुमुदच्याच शाळेत होत्या, गाण्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायच्या. कुमुदनं रेघांचे कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. काय बघायचं ते सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा लावला.

"बाई, कागदावरून मी निदान करत नाही," त्या म्हणाल्या. "पण काही विचारते. अक्कांना वास येतो का हल्ली?"

कुमुद विचारात पडली. दूध करपलं तरी अक्का जवळ बसून राहते. परवा आमटीत एवढा हिंग पडला होता की तेजलला ठसका लागला. अक्का मुकाट्यानं जेवली.

"चालताना दोन्ही हात हलतात?"

चालतानाचं कुमुदला सांगता येईना. पण गाताना? अक्काचा डावा हात पूर्वी हवेत तानांची नक्षी काढायचा. आता तो मांडीवर पडून असायचा. लोक म्हणायचे, वयानुसार गाण्यात काय स्थैर्य आलंय.

"आवाजातला कंप कधीकधी हाताच्या कंपाआधी येतो," डॉक्टर म्हणाल्या. "आवाज चालवणारे स्नायू फार बारीक असतात. मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणारं एक रसायन कमी पडायला लागलं की स्नायूंचा तोल जातो. पार्किन्सन असेल किंवा नुसता साधा कंपही असेल. तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. हे कधीपासूनचं आहे?"

कारकुनानं तुकडे तारखेनं लावले होते. सुरुवात इचलकरंजीच्या बैठकीपासून होती. लाट एवढी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसेना. त्याला सहा वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी त्या पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "सहा वर्षांपूर्वी अक्का माझ्याकडे आल्या असत्या तर मी त्यांना तब्येत ठणठणीत आहे असं सांगून परत पाठवलं असतं," त्या म्हणाल्या.

परतताना कुमुदनं रिक्षा केली नाही. इचलकरंजीची ती बैठक तिला आठवत होती. ती हातभर अंतरावर बसली होती, तंबोऱ्याच्या तारांवर बोट फिरवत. तिला काही ऐकू आलं नव्हतं. खरं म्हणजे ती तेव्हाही कंटाळलेली होती आणि परतीची एसटी चुकेल का याचा विचार करत होती.

जिन्यातच तिला षड्ज ऐकू आला. तोच कातर, त्याच लाटांचा. अक्का या वेळी गात नसते, असं मनात येईपर्यंत ती दारात पोचली. अक्का आत पलंगावर आडवी झाली होती. बाहेरच्या खोलीत तेजल रियाज करत होती.

तेजल सव्वीस वर्षांची होती. जयसिंगपूरहून रोज यायची, सकाळची नोकरी सांभाळून. गळा इतका निकोप की अक्का तिला कधीच चांगलं म्हणत नसे.

"हे काय लावलंयस?" कुमुदनं विचारलं.

"जमलं ना?" तेजलचा चेहरा उजळला. "अक्का म्हणाल्या, हे आता आपलं. वर्ष गेलं, मावशी, हे बसवायला. पहिले सहा महिने तर पोटातून हलवत होते, ते चूक. मग गळ्यातून आलं."

"बरं. आता सरळ षड्ज लाव बघू. काही करू नकोस, नुसता लाव."

तेजलनं डोळे मिटले आणि षड्ज लावला. क्षणभर तो उभा राहिला, मग हलू लागला. तिनं थांबून पुन्हा लावला. पुन्हा हलला. ती हसली. "आता तो असाच येतो. मुरलाय."

कुमुदनं हातातले कागद खाली ठेवले. कारकुनाचे खंड छापून झाले की अशा किती तेजल तयार होतील, हे तिला त्या एका हसण्यात दिसलं. कुठं कुठं, ओळखीपाळखी नसलेल्या गावांत, धडधाकट पोरी वर्ष-वर्ष बसून एका आजारी बाईचा आजार गळ्यात बसवतील आणि त्याला परंपरा म्हणतील. परीक्षेत त्याला गुण मिळतील.

तेजल गेल्यावर तिनं अक्काला सगळं सांगितलं. कागद, डॉक्टर, हिंग, डावा हात. अक्का भिंतीला टेकून बसली होती.

"तुला माहीत होतं," शेवटी कुमुद म्हणाली.

"माहीत नव्हतं. कळत होतं." अक्कानं डावा हात उजव्या हातात घेतला. "इचलकरंजीला षड्ज हातातून सुटल्यासारखा झाला. मी घाबरले. आणि समोरून वाहवा आली. मला वाटलं, असू दे, देवानं दिलंय. मग ते रोजच यायला लागलं. रोज पहाटे षड्ज लावते आणि तो उभा राहत नाही, कुमे. काय करू? तंबोऱ्याला गवसणी घालून बसू? मी म्हटलं, माझ्या गळ्यात जे येतं ते माझंच आहे."

"तुझं आहे तर तू गा. त्या पोरीच्या गळ्यात का घातलंस?"

"मग तिला काय सांगायचं होतं? गुरूला रोग झालाय, तेवढा सोडून बाकीचं शिक?"

"हो. तेच."

अक्काचे डोळे लाल झाले. "जन्मभर मागं बसलीस त्याचा राग काढतेयस तू."

"राग होता," कुमुद म्हणाली. "खूप होता. आता त्याला लागतं तेवढं बळ नाही माझ्यात. मी दमलेय अक्का. तू पण दमलीयस. ते मान्य कर आणि उद्या डॉक्टरांकडे चल."

अक्का दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्या आठवड्यातही गेली नाही. दोघी एकमेकींशी मीठ-भाकरीपुरतं बोलत होत्या. तेजलला 'थोडे दिवस येऊ नकोस' असा निरोप गेला होता, तो अक्कानं दिला की कुमुदनं, याची चर्चा झाली नाही.

मग एका सकाळी अक्का आपणहून पडद्यापाशी येऊन बसली. यंत्रासमोर ती कधी बसली नव्हती.

"ते पुसता येतं म्हणे."

"येतं," कुमुद म्हणाली. "आकस्मिक आहे असं सांगितलं की कारकून रेघ सरळ करतो."

"कर."

कुमुदनं भूपाचा तुकडा घेतला आणि लाटा पुसल्या. रेघ ताणून बांधल्यासारखी झाली. कारकुनाला लिहिलेलं वाजवूनही दाखवता येत असे. अक्काच्याच आवाजाचे धागे घेऊन तो नवी रेघ गाऊन दाखवी. कुमुदनं बटण दाबलं.

स्वच्छ, भरीव षड्ज खोलीत पसरला. अजिबात न हलणारा. अक्का मान खाली घालून ऐकत होती. आलाप संपेपर्यंत तिनं ऐकलं.

"कोण आहे ही बाई?" तिनं विचारलं.

"तू आहेस."

"मी नाही. हिला काही झालेलंच नाही." अक्का उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "त्या रात्री भूप गाताना मला षड्जाची भीती वाटत होती. म्हणून मी त्याच्याकडे उशिरा उशिरा येत होते, गंधारावर रेंगाळत होते. त्या भीतीनंच तो आलाप तसा झाला. हिचा षड्ज पक्का आहे, मग ही गंधारावर कशाला घुटमळतेय? खोटं आहे हे. आहे तसं ठेव."

"ठेवलं तर लोक गातील."

"मग तसं लिही ना. की गायचं नाही." अक्का चिडून म्हणाली. "एवढी वर्षं फळ्यावर लिहीत होतीस, एवढं लिहिता येत नाही?"

कुमुदनं पुसलेल्या लाटा पुन्हा आणल्या.

"सगळ्यांना कळेल मग," कुमुद म्हणाली.

"माझा आवाज मी चाळीस वर्षं सगळ्यांना ऐकवलाय. आता काय लपवणार आहे?" अक्कानं पदर खोचला. "यास्मिनकडे किती वाजता जायचं?"

निदान पार्किन्सनचंच झालं. औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी फार गोड काही सांगितलं नाही. हात सैल होईल, चालणं सुधारेल, आवाजाचं सांगता येत नाही म्हणाल्या. तेजलला अक्कानं स्वतः बोलावून घेतलं आणि दार लावून सांगितलं. आत काय बोलणं झालं ते कुमुदनं विचारलं नाही. तेजल बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा यायला लागली, आणि हलता षड्ज थांबवायला शिकू लागली. ते हलवायला शिकण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं.

कुमुदनं कारकुनाला नवा नियम शिकवला. पुन्हा पुन्हा येतं एवढ्यानं तो हेतू ठरत नाही. रागातल्या जागेप्रमाणे आणि लयीप्रमाणे जे बदलतं तो हेतू. जे कशानंच बदलत नाही, बोलण्यातही तसंच राहतं, ते निराळं. त्यासाठी तिनं स्वराच्या खाली एक बारीक नागमोडी रेघ ठरवली आणि खुणांच्या पानावर तिचा अर्थ लिहिला: 'कंप. वाचावा, गाऊ नये.'

मिहीर नाराज झाला. न्यासाच्या लोकांनी 'वैजयंती आंदोलन' या नावानं समारंभसुद्धा ठरवला होता. पण अक्कानं फोनवर त्याला दोन मिनिटं सुनावलं, आणि पहिला खंड तसाच निघाला.

इथं गोष्ट संपली असती तर कुमुदला दुपारची झोप मिळाली असती.

खंड निघाल्यावर काही आठवड्यांनी मिहीर न कळवता मिरजेला आला. या वेळी तो सतरंजीवर बसला नाही, दाराशीच उभा राहिला.

"कुमुदताई, तुम्ही कारकुनाला जो नियम शिकवलात, तो त्यानं सगळीकडे लावला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"न्यासाकडे शेकडो गायकांची मुद्रणं आहेत. नवी खूण शिकला की तो सगळी पानं पुन्हा तपासतो, त्याचं कामच ते. अक्कांची मुद्रणं खूप होती; इतरांची थोडी, म्हणून ही लाट त्याला तिथं अपघात वाटायची आणि तो ती पुसून टाकायचा. आता पुसत नाही. इतरांच्या पानांवरही ती खूण यायला लागली आहे. काही गायक वारलेत, त्यांचं ठीक आहे. पण काही हयात आहेत. गातायत. त्यांना काहीच माहीत नाही."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुमुदनं आत जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला धरून तशीच उभी राहिली.

"न्यासाचे वकील म्हणतात, बोलू नका," मिहीर बाहेरून सांगत होता. "आपण रुग्णालय नाही. कुणाला चुकीचं सांगितलं तर अंगाशी येईल, बरोबर सांगितलं तरी येईल. खूणच काढून टाका म्हणतात. तुम्ही काढलीत तर कारकून पुन्हा पहिल्यासारखा पुसायला लागेल. कुणाला काही कळणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे."

"मग तू इथवर कशाला आलास?" आतून अक्का म्हणाली. ती पलंगावर उठून बसली होती. "पाच मिनिटांचं काम फोनवर झालं असतं."

मिहीरनं मान खाली घातली. "यात एक सोलापूरच्या आहेत. रेवती दुधनीकर. चव्वेचाळीस वर्षांच्या. लाट अगदी बारीक आहे. मी रात्रभर त्यांचं गाणं ऐकलं, मला काही ऐकू येत नाही."

कुमुद बाहेर आली. "मिहीर, मी हे करू शकत नाही," ती म्हणाली. "एका बहिणीचं निभावलं, त्यातच मी संपले. अनोळखी बाईला फोन करून काय सांगू? आमच्या यंत्राला तुझ्या गळ्यात रोग दिसला? यास्मिन म्हणते रेघ चुकूही शकते. तिचा रोजचा रियाज मोडेल. उद्यापासून ती प्रत्येक षड्ज भीत भीत लावेल."

"आणि नाही सांगितलं तर?" मिहीर म्हणाला.

कुमुदला याचं उत्तर माहीत होतं. सहा वर्षांनी ती एखाद्या डॉक्टरांसमोर बसेल. दरम्यान तिनं ते कुणाला तरी शिकवलंही असेल.

तिनं फोन घेतला. डॉक्टर यास्मिनना विचारलं. त्या म्हणाल्या, निदान सांगू नका, एवढंच सांगा की एकदा दाखवून या, आणि हवं तर माझा नंबर द्या. मग मिहीरनं दिलेला सोलापूरचा नंबर तिनं लावला. पलीकडे फोन उचलला गेला, मागं कुणीतरी सरगम म्हणत होतं, आणि एका तरतरीत आवाजानं विचारलं, "हॅलो, कोण बोलतंय?"

कुमुदच्या मनात सगळी वाक्यं तयार होती. ती एकदम खोटी वाटू लागली.

"हॅलो?"

अक्का पलंगावरून उतरली. औषधांनी चाल जरा बरी झाली होती, तरी भिंतीला हात लावत आली. तिनं कुमुदच्या हातातून फोन घेतला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"रेवती का गं?" ती म्हणाली. "मी मिरजेहून वैजयंती मगदूम बोलतेय."

पलीकडून काहीतरी गडबडलेलं, आनंदलेलं बोलणं ऐकू आलं. अक्कानं ते संपू दिलं.

"ऐकलंय ना, तुझा केदार ऐकला. मध्यमावर फार छान थांबतेस. नाही, कौतुकासाठी फोन नाही केला. बस आधी. पोरींना म्हणावं पाच मिनिटं बाहेर जा. बसलीस?" अक्कानं श्वास घेतला. तिचा आवाज प्रत्येक शब्दावर हलत होता आणि ती तो सावरायचा प्रयत्न करत नव्हती. "आता माझा आवाज ऐक. गाण्याचा नाही, बोलण्याचाच. हलतोय, कळतंय तुला? तो का हलतो ते तुला सांगायचंय. मग तुझ्याबद्दल थोडं बोलायचंय. घाबरायचं नाही, आणि माझं पूर्ण होईपर्यंत फोन ठेवायचा नाही. कबूल?"

मिहीर चपला घालून जिन्यात जाऊन उभा राहिला. खालच्या रस्त्यानं कुणाच्या तरी लग्नाचा बँड चालला होता, त्यामुळे अक्काला आवाज चढवून बोलावं लागत होतं. कुमुद उठली आणि तिनं एकेक करून खिडक्या लावून घेतल्या.